शुगर किती आहे, एवढंच विचारू नका

लग्न असो, मय्यत असो की ईदची भेट, मला बघितलं की घरातल्या मोठ्यांचा एकच प्रश्न असतो : "शुगर किती आहे आता?" मी आकडा सांगते. आकडा बरा असेल तर "माशाअल्लाह", वाढलेला असेल तर "गोड खात असशील". विषय तिथेच संपतो. गेल्या १७ वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, त्याची मोजदाद नाही. "तुला जगायचा कंटाळा तर आला नाही ना?" हा प्रश्न मात्र मला पहिल्यांदा विचारला गेला तो १४ वर्षांनी. माझ्या आपाने विचारला, रात्री दीड वाजता, फोनवर. मी आज हे लिहू शकतेय, त्यात त्या प्रश्नाचा मोठा वाटा आहे.

मी मिरजेची. दवाखान्यांचं गाव म्हणून आख्खा दक्षिण महाराष्ट्र आमच्या गावाला ओळखतो. बारावीत असताना अचानक वजन उतरलं, तहान भागेना, आणि एका दुपारी मी वर्गातच कोसळले. टाइप १ मधुमेह. म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं, रोज आणि आयुष्यभर. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही आणि पथ्य पाळून तो जातही नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आलं. त्याआधी टाइप १ झालेली मुलं फार काळ जगत नसत. मी जगतेय ती त्या शोधामुळे. अल्हम्दुलिल्लाह.

पण जगवणाऱ्या औषधाचंही ओझं असतं, हे कोणी बोलत नाही. दिवसाला चार वेळा सुई म्हणजे वर्षाला १,४६० वेळा. १७ वर्षांचा हिशेब केला तर जवळजवळ २५ हजार. प्रत्येक वेळी एक निर्णय : किती खाल्लं, किती चालले, आता किती घ्यायचं. जास्त झालं तर साखर खाली येऊन घाम, थरथर, गोंधळ. कमी झालं तर साखर वर जाऊन थकवा आणि पुढे गुंतागुंत. या नोकरीला सुट्टी नाही, रविवार नाही, ईदही नाही.

आणि हे सगळं लपून. अम्मीने पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "बाहेर कुणाला सांगू नकोस, उद्या रिश्ते यायचेत." तिची चूक नव्हती. तिने आजूबाजूला जे पाहिलं होतं, त्यावरून ती बोलत होती. म्हणून मी लग्नाच्या हॉलमध्ये बाथरूमला जाऊन इन्सुलिन घेत आले. हॉस्टेलवर पेन सॉक्सच्या पिशवीत ठेवत आले. ऑफिसात मीटिंग लांबली की टेबलाखाली हात थरथरायचे, तरी पर्समधलं बिस्किट काढायची लाज वाटायची. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी लग्नाची बोलणी जवळजवळ पक्की झाली. मी हट्टाने सांगितलं की आधी आजाराचं बोलू, मगच पुढे जाऊ. बोललो. आठ दिवसांनी मध्यस्थ आले : मुलगी चांगली आहे, पण घरच्यांना मुलांचं टेन्शन आहे. टाइप १ असलेल्या बायका डॉक्टरांच्या देखरेखीखाली निरोगी मुलांना जन्म देतात, हे त्यांना सांगायची संधीसुद्धा आम्हाला मिळाली नाही.

त्याच महिन्यात ऑफिसात प्रोजेक्ट बंद झाला. साखर कशीही वरखाली होत होती. अब्बा निवृत्त झालेले. मनात एकच वाक्य फिरू लागलं : मी सगळ्यांवर ओझं आहे. पुढचे विचार त्याच वाक्यातून आले. त्या रात्री मी काय विचार करत होते, त्याचा तपशील लिहिणार नाही. त्याची कुणाला गरज नाही. एवढंच सांगते की ज्या औषधावर मी जगत होते, त्याच औषधाची त्या रात्री मला भीती वाटली. आणि मी कोंढव्यात राहणाऱ्या आपाला फोन लावला.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती काही क्षण गप्प झाली आणि मग सरळ म्हणाली, "तू स्वतःला काही करून घ्यायचा विचार करतेयस का?" मी "हो" म्हणाले. ते "हो" तोंडातून बाहेर पडलं आणि छातीवरचा दगड थोडा हलला. तिने गुनाहाचं भाषण दिलं नाही, "एवढं शिकलीस आणि असं बोलतेस?" असंही म्हणाली नाही. "फोन ठेवू नकोस, आम्ही निघालोय," एवढंच म्हणाली. दुलाभाई गाडी चालवत होते आणि ती बोलत राहिली, चहा काय केलास, खिडकी उघडी आहे का, असलं काहीबाही. पोचल्यावर तिने आधी माझी साखर तपासली, मग फ्रिजमधलं इन्सुलिन तिच्या पिशवीत ठेवलं. मला तिच्या घरी नेलं. पुढचे काही आठवडे प्रत्येक डोस मी तिच्यासमोर घेतला. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत डॉक्टरांकडे आली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एखाद्याच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार असतील तर धोकादायक वस्तू त्याच्यापासून दूर ठेवायच्या, हा जगभर मान्य झालेला उपाय आहे. पण इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसापासून इन्सुलिन पूर्ण काढून घेता येत नाही. काढून घेतलं तरी जिवाला धोकाच. म्हणून अशा वेळी कपाटाला कुलूप लावून भागत नाही, माणूसच लागतो. साठा दुसऱ्याच्या ताब्यात, डोस त्याच्या नजरेसमोर आणि डॉक्टरांना कल्पना दिलेली. हे पाळत ठेवणं नाही, ही सोबत आहे. आपाने ही सोबत एकदाही उपकार म्हणून दाखवली नाही, म्हणून मला ती टोचली नाही.

डॉक्टरांनी त्या दिवशी माझ्यापुढे नऊ प्रश्नांचा एक कागद ठेवला. 'पीएचक्यू-९' नावाची ही प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरली जाते. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का, असे प्रश्न. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. १४ वर्षांत माझ्या रक्ताच्या शेकडो तपासण्या झाल्या होत्या, डोळे, किडनी, पाय सगळं तपासलं गेलं होतं. हा कागद माझ्यासमोर पहिल्यांदाच आला होता.

मग कळलं की मी एकटी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि आत्महत्येचा धोकाही त्यांच्यात, विशेषतः टाइप १ मध्ये, जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. याचा अर्थ मधुमेह झाला की असे विचार येणारच, असा नाही. बहुतेकांना येत नाहीत. ज्यांना येतात त्यांतले बहुतेक जण मदत मिळाली की सावरतात. शिवाय नैराश्याहून वेगळी अशी आणखी एक अवस्था असते, रोजच्या आजारपणाला विटून जाण्याची. विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तीही मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. म्हणजे हा वैताग माझा नखरा नव्हता. त्याला नाव होतं, माप होतं आणि त्यावर उपायही होते.

इन्सुलिनचा गैरवापर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त जास्त घेणं येतं. पण न घेणं हाही गैरवापरच. मी स्वतः लग्नकार्यात, लाजेपोटी, अनेकदा डोस टाळला आहे. काही मुली वजन उतरावं म्हणून टाळतात. काही जण नुसत्या थकव्याने टाळतात, "जे व्हायचं ते होऊ दे" म्हणत. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद झालं की रक्तात आम्ल साठू लागतं. उलट्या, पोटदुखी, धाप, मग बेशुद्धी, आणि हे काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत घडू शकतं. व्हॉट्सअॅपवर "इन्सुलिन सोडा, हा काढा घ्या" असं सांगणारे हकीम या धोक्याची जबाबदारी घेत नाहीत. रमजानमध्ये स्वतःच्या मनाने डोस बदलणं तितकंच धोक्याचं. आणि आपल्या मोहल्ल्यातल्या जिममध्ये जाणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगते : अंग भरावं म्हणून मधुमेह नसताना इन्सुलिन घ्यायचा सल्ला कुणी देत असेल, तर तो माणूस तुमच्या जिवाशी खेळतोय. साखर खाली जाऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

घरच्यांसाठी काही गोष्टी पाठ असाव्यात अशा आहेत. साखर खाली गेलेला माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. इन्सुलिन जास्त गेलंय असा संशय असेल, चुकून असो की मुद्दाम, तर साखर देऊन बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. परिणाम पुन्हा उलटू शकतो, दवाखान्यातच न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा. चूक आणि इरादा बाहेरून सारखेच दिसतात. म्हणूनच आपल्याकडे "शुगर लो झाली होती" या चार शब्दांखाली बरंच काही झाकलं जातं, आणि त्या माणसाला घरी आणल्यावर पुन्हा कोणी काही विचारत नाही.

आता दीनचं बोलू, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की पहिलं वाक्य येतं, "खुदकुशी हराम आहे." आहेच. पण त्या रात्री ते मलाही माहीत होतं. त्या कड्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक मुसलमानाला ते माहीत असतं. ते वाक्य त्याच्या तोंडावर फेकल्याने विचार जात नाहीत, तो फक्त बोलायचा थांबतो. आणि बोलणं थांबणं हाच सगळ्यात मोठा धोका. "सब्र कर" याचंही तसंच. सब्र म्हणजे मदत न मागणं, असा अर्थ आपण कधीपासून लावू लागलो?

आपल्याच परंपरेत दुसरी वाट आहे. जीव वाचवणं, म्हणजे हिफ्ज-ए-नफ्स, हे शरियतच्या पाच मूळ उद्देशांपैकी एक मानलं गेलंय. कुरआनच्या सूरह बकराने आजारी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे, म्हणजे शरीराची मर्यादा खुद्द अल्लाहने मान्य केली. उंट बांधून मग अल्लाहवर भरोसा ठेवण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. डॉक्टरकडे जाणं हे आपलं उंट बांधणंच आहे. इ.स. ९३४ मध्ये वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या हितावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, आणि एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. अकराशे वर्षांपूर्वी मुस्लिम विद्वान जे लिहून गेला, ते आज आमच्या मोहल्ल्यात बोललं तर "वेड लागलंय का?" असं विचारतात.

ज्या घरांनी असं कुणाला गमावलंय, त्यांच्याबद्दलही एक गोष्ट. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी आहेत, आणि हनफी मझहबमध्ये अशा माणसाच्या जनाज्याची नमाज पढली जाते. तो इस्लामबाहेर गेला असं उलमा मानत नाहीत. तेव्हा त्या घराच्या दारात उभं राहून निकाल देऊ नका. जेवण घेऊन जा, दुआ करा, शेजारी बसा.

कायद्याची भीती हेही गप्प राहण्याचं एक कारण. "पोलीस केस होईल" म्हणून लोक दवाखान्यात खरं सांगत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हाही राहिलेला नाही. २०१७ च्याच कायद्यातलं कलम २१ सांगतं की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं. हे हक्क आपले आहेत. ते माहीत नसतील तर असून उपयोग काय?

मग करायचं काय? माझ्या कामात सर्व्हर बंद पडल्यावर धावपळ करणाऱ्याचं कौतुक होतं, पण चांगली यंत्रणा ती, जी बंद पडण्याआधी इशारा देते. आपल्या समाजात शिबिरं भरपूर होतात. ईद-ए-मिलादला रक्तदान, मशिदीच्या किंवा शादीखान्याच्या आवारात मोफत शुगर तपासणी. ही चांगली कामं आहेत. माझी मागणी इतकीच : त्या तपासणीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल लावा. तिथे एक समुपदेशक बसवा आणि ते नऊ प्रश्न विचारा. बायकांसाठी वेगळी, आडोशाची जागा ठेवा. नवव्या प्रश्नाला कुणी "हो" म्हणालं तर त्याला एकट्याने घरी पाठवू नका. सोबत जाणारा माणूस आणि पुढचा दवाखाना आधीच ठरवून ठेवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारी आहे, त्यांना पत्र लिहा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक मराठीत आणि उर्दूत लिहून मशिदीच्या फलकावर लावा, वुझूखान्याशेजारी, जिथे प्रत्येकाची नजर जाते. जुम्याच्या बयानात मौलाना साहेबांनी वर्षातून दोनदा जरी म्हटलं की मनाच्या दुखण्यावर इलाज करून घेणं हा ईमानचा कमकुवतपणा नाही, तरी कितीतरी घरांत तोंडं उघडतील.

आणि तुम्ही, जे मित्र आहात, भाऊ-बहीण आहात, त्यांनी विचारायला शिका. "विचारलं तर उलट डोक्यात येईल" ही समजूत चुकीची आहे. थेट विचारल्याने असे विचार निर्माण होत नाहीत, हे अभ्यासांतून दिसलंय. डोस चुकवणं वाढलं, साखर वारंवार टोकाला जाऊ लागली, माणूस "मी ओझं आहे" म्हणू लागला, आवडत्या वस्तू वाटू लागला, तर आकड्यावरून रागावू नका. शेजारी बसा आणि विचारा. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको, एकटं सोडणंही नको.

हे वाचणाऱ्या ज्या कुणाच्या मनात आज तसे विचार असतील, त्याला माझं सांगणं : आधी साखर तपास, कारण ती खूप खाली किंवा वर असली की मन काळं दिसतं. मग एका माणसाला फोन कर. वेळ बघू नकोस. रात्रीचे दीड वाजले असतील तरी चालेल. कोणी नाही असं वाटत असेल तर १४४१६ आहे. नीट वाक्य जुळवायची गरज नाही, "मला बरं वाटत नाहीये, मला माझीच भीती वाटतेय" एवढं पुरतं. मी इतकंच म्हणू शकले होते.

आज माझे उपचार चालू आहेत. समुपदेशन झालं, काही महिने गोळ्या घेतल्या, डॉक्टरांनी इन्सुलिनचं वेळापत्रक माझ्या नोकरीला झेपेल असं बदलून दिलं. वाईट दिवस अजून येतात, पण ते दिवस म्हणूनच येतात आणि जातात. मागच्या ईदला मिरजेच्या घरी दस्तरख्वानावर सगळ्यांसमोर मी पेन काढलं. अम्मीने क्षणभर दाराकडे बघितलं, पाहुणे होते. मग शीरखुर्म्याची वाटी माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "आधी घे, मग खा. आणि रात्री झोप लागते ना गं नीट?"

शुगर किती आहे, हे तिने विचारलं नाही.